भेवाची पाच पुस्तकं

११ ऑक्टोबर, शनिवार

नात समृद्धी आली होती. सायकलने, एकटी. सुपेल्याहून आमच्या कारखान्याच्या क्वार्टरपर्यंत पूर्वी रोज यायची. सातवीत गेल्यापासून महिन्यातून एकदा. फोन हेच कारण असणार, माझ्यात काही बदल झालेला नाही.

आज कामाने आली. तिच्या कॉलनीतल्या मुलांचा रीडिंग क्लब आहे. ३१ तारखेला त्यांचं हॅलोविन. प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्यांची नावं द्यायची, क्लब त्यातलं एक माणूस निवडणार आणि त्या माणसाने आपली आवडती भीतीची पाच पुस्तकं सांगायची. नाना व्हिडिओ कॉलवर यायला तयार आहेत म्हणाली. नाना म्हणजे आमचे व्याही, नागपूरचे अरुणकुमार. प्रोफेसर होते. रिटायर झाले, पण बोलण्यातून नाही.

मी म्हणालो, बेटा, भयकथांशिवाय मी आयुष्यात दुसरं वाचलं काय?

तिने वहीत माझं नाव लिहिलं. नानांच्या खाली. अठ्ठावीसला क्लब फायनल करेल म्हणाली.

वास्तविक मी आयुष्यभर मेंटेनन्सची मॅन्युअल वाचली. पण त्यातही अंगावर काटा येण्यासारखं पुष्कळ होतं.

स्वयंपाकघरात बायकोला, रमाला, ठसका लागला. फोडणीचा असावा.

१२ ऑक्टोबर, रविवार

संकल्प: पाच पुस्तकं, पंधरा दिवस. रेल मिलला फोरमन असताना याहून अवघड शटडाउन मी वेळेत काढले आहेत. नातीला नानांच्या हाती जाऊ देणार नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीत गेलो. तिथल्या टिकारामने कपाट उघडलं. भुताखेतांचं काही आहे का म्हटलं, तर त्याने शोधलंसुद्धा नाही, खालच्या कप्प्यातून पाच पुस्तकं काढून दिली. 'विहिरीतला जावई', 'खिडकीतली सुईण', 'भाड्याची सावली', 'ओसरीवरचे ओले पाय' आणि एक बिनकव्हराचं.

विशेष: पाचही पुस्तकांच्या मागच्या स्लिपवर 'सौ. रमा बोंद्रे' असं नाव. तारखा ८९, ९३, २००४. एकेकावर तीन-तीनदा. रमा आणि भुतं, शक्यच नाही. तेव्हा तिच्या कार्डावर मीच आणवली असणार. म्हणजे ही पुस्तकं माझी वाचून झालेली आहेत. आता फक्त उजळणी.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी २.१०

भयकथा रात्री वाचू नयेत. डोळ्यांवर ताण येतो. दुपारी, अंगणात, उन्हात वाचाव्यात.

'विहिरीतला जावई' सुरू. बरं आहे. पान बारावर सासू विहिरीत बादली सोडते, आणि ओढायला लागते तर दोर जड लागतो.

इथे थांबलो. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो.

२.४०

रमाला म्हटलं, बाहेर येऊन तांदूळ निवड, तुला ऊन चांगलं. ती म्हणाली, तांदूळ पॅकेटचे आहेत, निवडायचे नाहीत. तरी येऊन बसली. कारण विचारलं नाही तिने.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चष्मा दाखवून आलो. नंबर तोच. दुकानातला मुलगा नवीन आहे, त्याला मशीन जमली नसेल.

'खिडकीतली सुईण', पान सात. पुरेसं आहे. लेखकाची शैली लक्षात आली. शैली लक्षात आल्यावर पुढे वाचणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नवी पद्धत: पहिलं पान आणि शेवटचं पान. मधलं अनुभवाने भरून काढायचं.

सर्व शेवटची पानं एकमेकांना चिकटलेली निघाली. ओढली तर फाटतील. सार्वजनिक मालमत्ता आहे, म्हणून सोडून दिली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पान बारा पुन्हा. दोर अजून जडच आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. समृद्धी फराळाला आली. तिला पाचही पुस्तकं तोंडी सांगून टाकली. न वाचलेल्या भागासाठी मिलमधली ब्रेकडाउन रिपोर्टची रीत वापरली: घटना, कारण, उपाय. 'जावई': विहिरीला कठडा नव्हता, पण जावई पडलेलाच नव्हता, त्याची बदली नंदिनी माइन्सला झाली होती आणि त्याने घरी कळवलं नव्हतं. 'सुईण': खिडकीची कडी ढिली, आत येत होती ती मांजर. 'सावली': ट्यूबलाइटचा चोक गेलेला. 'ओले पाय': गळती. बिनकव्हराच्या पुस्तकालाही गळतीच लावली.

ती लिहीत होती. मग पेन्सिल चावत म्हणाली, पण आबा, इसमें भेव कुठे आहे. मी म्हणालो, भेव निष्काळजीपणात आहे.

समृद्धीला मराठी वाचता येत नाही. शाळा इंग्रजी, दोस्त हिंदी, मराठी फक्त आमच्या दारातून आत आली की. ही माझी जुनी खंत आहे, आणि या महिन्यापुरती सोयही.

जाताना पाचही पुस्तकं घेऊन गेली, चित्रं बघायला. मी आनंदाने दिली. घर मोकळं मोकळं वाटतं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११

समृद्धीचा फोन. म्हणाली, "आबा, जावई तो लास्ट मध्ये किचनमध्ये येतो ना? सासूले म्हणते की ताट वाढ. तुमी तर बोलले त्याची बदली झाली."

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? नानांनी?

कोणी नाही. तिनेच वाचलं. अक्षरं हिंदीचीच आहेत, हे चौसष्टाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं. अडलेले शब्द ती रोज दुपारी फोनवर आजीला विचारून राहिली होती. मला वाटायचं रमा बहिणीशी बोलते आहे.

मी म्हणालो, माझी आवृत्ती वेगळी होती.

ती म्हणाली, पुस्तक तर एकच आहे आबा, तुमच्याच लायब्ररीचं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवला. वाईट वाटलं. पूर्वी मी काहीही सांगितलं तरी ही मुलगी ते खरं धरायची.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल. नाना नाहीत. हे आधी लिहितो.

मीही नाही. रमा.

शब्द सांगता सांगता रमाने तिला दोन पुस्तकं फोनवर अख्खी सांगितली म्हणे. वैभवीचा, म्हणजे सुनेचा, फोन आला होता: आई असं काही सांगतात की पोरगी बाथरूमला जाताना मला सोबत नेते. क्लबचं एकमत झालं.

नव्या लोकांना संधी मिळाली पाहिजे, हे माझं नेहमीचंच मत. शिवाय घरचं पद घरातच राहिलं. समृद्धीने मलाही काम दिलं आहे. हॉलमधले लाइट. ती म्हणाली, आबा, तुमी मेंटेनन्सचे होते ना. सबंध कार्यक्रम एका बटणावर अवलंबून असतो, हे बाहेरच्यांना कळत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री ९

कॉलनीचा हॉल. मुलं चाळीसेक, काही तोंडाला पांढरं फासून. मध्ये टेबलावर डोळे कोरलेलं कोहळं, आत मेणबत्ती. रमा ते बघून हळहळली, चांगली दोन दिवसांची भाजी होती म्हणाली. मग कोशाची रेशमी साडी सावरून खुर्चीवर बसली आणि समृद्धीने मला खूण केली. मी बटण बंद केलं. इथपर्यंत काम चोख.

रमा अर्धी हिंदीत, अर्धी आपल्या भाषेत बोलत होती. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. पोरं पुढे सरकून बसली. सुईण झाली, सावली झाली. मग विहीर. सासूने बादली सोडली. दोर ओढायला घेतला. रमा बोलायची थांबली.

लाइट लागला.

बटणाजवळ मी एकटाच होतो, त्यामुळे चौकशीची गरज पडली नाही. चाळीस पोरं वळून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, व्होल्टेज चेक केलं. हशा झाला. नर्सरीतला एक मुलगा तेवढा हसला नाही, त्याला बरं वाटलेलं दिसलं.

समृद्धीही हसली नाही. ती उठून आली, लाइट बंद केला आणि बटणाच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. हळूच म्हणाली, "भेव लागते तर पहलेच सांगायचं ना आबा. मले पण लागते." मग शेवटपर्यंत माझा हात धरून होती. लाइट पुन्हा लागू नये म्हणून असावं.

जावई स्वयंपाकघरात येतो. ताट वाढ म्हणतो. पूर्ण ऐकलं.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७

रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवला होता. रमाने बंद केला नाही.

चहा घेताना तिला विचारलंच. ही पुस्तकं तिने कधी वाचली? एकेक पुस्तक तीन-तीनदा? मी घरात असताना तिच्या हातात कधी पुस्तक पाहिलं नाही.

कप पुसत म्हणाली, "तुमची नाइट राहे तवा. आपला सिद्धांत लहान, क्वार्टर मागच्या लायनीत, तिकडं सारं जंगलच होतं. मले लई भेव लागे. मंग मी हेच पुस्तकं वाचत बसत होती. त्याच्यातल्या बाईले माह्यापेक्षा जास्त भेव लागून राहिलं, असं वाटलं का जरा धीर येत होता."

महिन्यातून दहा नाइट. चौतीस वर्षं. सकाळी मी घरी यायचो तेव्हा चहा तयार असायचा, सिद्धांत शाळेच्या कपड्यात असायचा, आणि मी मिलमधल्या गोष्टी सांगायचो, कुठे काय तुटलं, मी कसा घाबरलो नाही. ती ऐकून घ्यायची. मला आज लाज वाटते.

मी विचारलं, मग मला कधी सांगितलं कावून नाही?

म्हणाली, "सांगतलं असतं तर तुमाले तिकडं डिवटीवर भेव लागलं असतं."

लागलं असतं.