वाळूखालचं गवत

प्रिय आईस,
तुला आणि बाबांना नमस्कार. मी खुशाल आहे. वादळाची बातमी ऐकून तुझा जीव टांगणीला लागला असेल. पण माझ्या खोलीची फक्त एक काच फुटली, आणि मी तेव्हा मैत्रिणीकडे होते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा औषध वेळेवर घेतात ना?

किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर आम्ही लावलेलं गवत मात्र सगळं गाडलं गेलं. हे गवत इथून कधीचंच नाहीसं झालेलं. जपून ठेवलेलं होतं नव्हतं ते सगळं बी आम्ही त्यात घातलं होतं. आमच्या संशोधन केंद्राच्या मुख्य बाई म्हणाल्या, "संपलं. कुंपण काढून घ्या." मला जेवण जाईना. हे बाबांना सांगू नकोस.

काल कुंपणाचे खांब उपटायला गेले, तर तळव्याला काहीतरी टोचलं. वाळूतून हिरवं टोक वर आलं होतं. मान वर करून पाहिलं, तर टेकडीभर तशीच टोकं. हलकेच उकरलं. गाडल्या गेलेल्या काडीला जागोजागी नवी मुळं फुटली होती आणि त्यांनी वाळू घट्ट धरून ठेवली होती.

बाईंना हाक मारली. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि बोटाने वाळू सारत एकेक मूळ पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "अगं, याला अंगावर वाळूच हवी होती."

खांब तिथेच ठेवून आम्ही टेकडीच्या आडोशाला बसलो. पलीकडे वारा घोंघावत होता, आमच्यापर्यंत मात्र पोचत नव्हता. आई, त्याला अडवणारी ती टेकडी धरून ठेवणारं गवत माझ्या करंगळीएवढं आहे.

तुझी,
थोरली