प्रवर्ग : खुला

आबा,

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज डोकं दुखतंय असं सांगून ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साताऱ्यातल्या या घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं गवारीचं ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसले. घड्याळात तीन वाजलेत.

डोळ्यांपुढे अजून तेच येतं: मी चोवीस वर्षांची आहे. सांगलीला सरकारी कार्यालयात लिपिकांच्या जागा निघाल्यात आणि पलूसच्या आपल्या घरी, सोप्यात, तुम्ही मांडीवर पाट घेऊन माझा अर्ज भरताय. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, अक्षर सुरेख, म्हणून निम्म्या गावाचे अर्ज तुमच्याच हातचे असायचे. प्रवर्गाच्या रकान्यात तुम्ही 'खुला' लिहिलंत आणि शाई वाळावी म्हणून त्यावर हलकेच फुंकर घातलीत. माझ्या कागदाची एवढी काळजी घेताय याचंच मला किती कौतुक वाटलं होतं.

अर्ज पोचता करून आठ दिवस झाले असतील. आईच्या औषधाची चिठ्ठी शोधायला तुमची काळी ट्रंक उघडली, तर पेन्शनच्या कागदांखाली माझा जातीचा दाखला. आजोबांच्या नावापुढे शाळेच्या जुन्या रजिस्टरात कुणबी लिहिलेलं सापडल्यावर तुम्ही दादाचा दाखला काढलात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच दिवशी, त्याच सही-शिक्क्यानं माझाही काढला होतात, हे फक्त तुम्हालाच माहीत होतं. दाखला घेऊन मी सांगलीची एसटी धरली. कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसानं तो हातातसुद्धा घेतला नाही. "अर्जात एकदा लिहिलं ते लिहिलं, बाई. मागनं जात बदलाय हितं काय कापडाचं दुकान हाय व्हय?" माझ्या मागची रांग हसली.

घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं. तुम्ही वैरण टाकत होता, हात थांबवला नाहीत. "यादी बोर्डावर लागती. नावाच्या फुडं प्रवर्ग छापत्यात. उद्या सोयरीक जुळवाय आलेली माणसं ती वाचत्यात. नोकरी लागंल न लागंल, सोयरीक तर लागाय पायजे का न्हाई?"

"मग दादाचं?"

"त्यो पोरगा हाय."

यादी लागली. खुल्यात मी दोन मार्कांनी राहिले. माझ्या मार्कांपेक्षा नऊ कमी असलेली मुलगी ओबीसीतून लागली. तुम्ही चष्मा लावून यादी दोनदा वाचलीत आणि दादाला म्हणालात, "अभ्यास कमी पडला हिचा." मला नाही, त्याला. मी तिथंच उभी होते.

सोयरीक मात्र लागली, साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासऱ्यांनी कपाट आवरायला सांगितलं आणि तिथं दोन्ही दिरांचे कुणब्याचे दाखले निघाले, आपल्या बोलणीच्याही आधीचे. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांच्या घरात ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवले होते. हे तुम्हाला सांगायचं ठरवून मी माहेरी आले होते. तुम्ही ओसरीवर ऊन खात बसला होता, खूप बारीक झाला होता. मी पाणी दिलं आणि परत आले. पुढं वयाच्या शेवटच्या संधीला, खुल्यातूनच, मी इथल्या ऑफिसात लागले. तेव्हा तुम्ही नव्हता.

काल रविवारी दादा आला होता, त्याच्या मुलीला घेऊन. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती, तुमच्या काठीचा घोडा करायची. आता चोवीसची आहे, सांगलीला खोली घेऊन अभ्यास करते. मागच्या भरतीत खुल्यातून थोडक्यात राहिली, मग तहसीलला खेटे घालून स्वतःचा दाखला स्वतः काढला. या वेळचा अर्ज दादानं पलूसला, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात बसून भरला, कारण ओटीपी त्याच्या मोबाईलवर येतो. तिनं फोनवर चारदा ओबीसी सांगितलं होतं. त्यानं खुला टाकला. फलटणचं स्थळ आलंय. याद्या आता बोर्डावर लागत नाहीत, सगळ्यांच्या फोनवर येतात.

"दोन दिस जेवली न्हाई ही," दादा म्हणाला. "म्हणलं, चल, तुझ्या आत्तीलाच इचारू. ती हाफिसात हाय, तिला कायदा ठाऊक. ती व्हय म्हणली तर आत्ता हितं बसून बदलतो. न्हाई म्हणली तर गप परीक्षा द्यायची, आन् ह्या टायमाला न्हाई झालं तर लगीन."

"आत्ती, कायतरी वाट आसंल की," ती म्हणाली. हातात दाखला होता, घामानं कडा मऊ झालेला.

मी चहा गाळत होते. गाळणी आपटली आणि म्हणाले, "एकदा लिहिलं ते लिहिलं."

आबा, हे खरं नव्हतं. शुक्रवारीच आमच्याकडे पत्र आलं होतं. याच भरतीच्या अर्जात दुरुस्ती करायला साइट पुन्हा उघडली आहे, प्रवर्गासकट, सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत. ते पत्र मीच आवक रजिस्टरला चढवलं होतं.

मला दादाचा चेहरा पडलेला बघायचा होता. आपल्या हातानं आपल्या लेकीचं काय झालं, हे त्याला कळावं, तुम्हाला कधी कळलं नाही ते निदान त्याला तरी. पण त्याचा चेहरा पडला नाही. तो सैल झाला, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "बघ, मी म्हणलं नव्हतं?" मग बशीत ओतून चहा प्यायला. पडला तो तिचा चेहरा. तिनं दाखल्याची चौपदरी घडी केली आणि माझ्याच टेबलावर ठेवून गेली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं, आत्ती," म्हणाली, "मला काय करायचाय आता." जाताना पाया पडली. मी आशीर्वादही दिला, यशस्वी हो असा.

तो दाखला या वहीखाली आहे. आज सकाळी ऑफिसात तीनदा तिचा नंबर काढला आणि तीनदा फोन पालथा ठेवला. रजा टाकली ती तिला शांतपणे फोन करायला, असं मी जिन्यावरनं उतरताना स्वतःला सांगितलं होतं. फोनला दोन मिनिटं लागली असती, दादाच्या ओटीपीला अजून पाच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही. मग लिहायची एवढी घाई कसली होती, हे आता घड्याळाकडे बघितल्यावर कळतंय. सव्वासहा वाजलेत. सहा वाजेपर्यंत हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.