कपाटामागची बुरशी

२० मे, लोणावळा

आज एसीवाल्याने कपाट सरकवलं, तर मागची भिंत बुरशीने काळी. नळीचा उतार चुकलेला, पाणी महिनाभर भिंतीत मुरत होतं. म्हणजे माझ्या लहानग्या चिनूचा खोकला या भिंतीमुळेच असणार. कुबट वास मलाही यायचा. तरी मी सासऱ्यांची बिडीच का धरून बसले? माझ्या रोजच्या बोलण्याला कंटाळून ते भाजे गावी निघून गेले.

तोंडाला फडकं बांधून भिंत पुसली, मग त्यांना फोन केला.

"आबा, खोकला तुमच्या बिडीमुळे नव्हता."

"ठावं हाय, पोरी. बिडी तर म्या पाडव्यालाच सोडली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुटं?"

खरंच, नव्हतं विचारलं.