रिकाम्या खुर्चीला केलेला उपदेश

भाईंदर पश्चिम,
गुरुवार, ६ जुलै २००६

तीर्थरूप उत्तममामांच्या चरणी, ज्याला तुम्ही आजवर हुशार समजत आलात त्या यतीनचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्वांच्या तब्येती ठीक आहेत. तुमचा गुडघा आता कसा आहे? आईने तुमच्या रसिकाबरोबर पाठवलेलं तेल रात्री कोमट करून लावायचं आहे, नुसतं कपाटात ठेवायचं नाही, असा तिचा निरोप आहे. मामींचं पित्त कमी झालं का? विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला का? रसिका मंगळवारी म्हसळ्याला सुखरूप पोचल्याचा तुमचा फोन आला तेव्हा मी घरातच होतो, पण बाथरूममध्ये होतो. (फोन वाजल्यावर गेलो आणि ठेवल्यावर बाहेर आलो. आज खरंच लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर मामा, फोनवर कुणी 'काय कसं चाललंय' विचारलं की माझ्या तोंडून 'एकदम मस्त' असं आपोआप बाहेर पडतं. कागदावर निदान लाज वाटायला सवड मिळते.

आधी वाईट ते सांगून टाकतो. माझा बारावीचा निकाल बोर्डाने राखून ठेवलेला नाही. तो सगळ्यांबरोबर, वेळेवर, नीट लागला. मी फिजिक्स आणि मॅथ्स अशा दोन विषयांत नापास आहे आणि ऑक्टोबरला पुन्हा बसणार आहे. राखीव निकालाची गोष्ट कुणी ठरवून केली नाही. निकालाच्या दिवशी आई डोळे पुसत भाजी आणायला निघाली आणि जिन्यातच तिसऱ्या मजल्यावरच्या शेवंतीकाकू भेटल्या. त्यांनी विचारलं, पेढे कधी? आईच्या तोंडून निघून गेलं की निकाल राखून ठेवलाय, काहीतरी तांत्रिक कारण आहे. आमच्या सोसायटीत बातमीला लिफ्ट लागत नाही. आई भाजी घेऊन परत येईपर्यंत बोर्डावर चिडलेली माणसं आमच्या दारात उभी होती. कुणाचा तरी भाचा वाशीला बोर्डात आहे असं कळलं, कुणी पेपरात पत्र लिहा म्हणालं. बाबा मधे एकदा 'अहो पण' म्हणाले, तेवढंच. त्या दिवसापासून ते माझ्याशी फक्त पंख्याबद्दल बोलतात. (लाव किंवा बंद कर.) आणि मग तुमचं पत्र आलं, सोबत बोर्डाच्या अध्यक्षांना लिहिलेल्या तीन पानी अर्जाची नक्कल. तुम्ही ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालात तरी तुमच्या अर्जातली धार काही कमी झालेली नाही. 'एका होतकरू विद्यार्थ्यावर झालेला घोर अन्याय' हे वाक्य आईने मोठ्याने वाचलं तेव्हा मी कांदा चिरायला घेतला. आमच्याकडे त्या दिवशी कांद्याची भाजी नव्हती.

आता रविवारी काय झालं ते. रसिकाने तुम्हाला 'दादाचं भाषण झालं' एवढंच सांगितलं असेल. मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या मंडळाचा पत्र्याचा हॉल आहे. तिथे दरवर्षी दहावी पास झालेल्या मुलांचा सत्कार होतो. गुलाबाचं फूल, पेन, वेफर्सची पिशवी आणि मार्गदर्शन असा ठरलेला बेत असतो. दोन वर्षांपूर्वी सत्त्याऐंशी टक्के मिळवून मी तिथेच फूल घेतलं होतं. (ते आईने बरेच दिवस फ्रिजमध्ये ठेवलं होतं.) मंडळाचे अध्यक्ष काशीनाथकाका बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांना कल्पना सुचतात. यंदाची कल्पना अशी की, मोठ्या माणसांचं मार्गदर्शन नको, मुलं जांभया देतात. कॉलेजातल्या मुलांना बोलवायचं आणि विषय द्यायचा, 'शाळेत असलेल्या मला आज मी काय सांगेन'. बोलणाऱ्यांत माझं नाव पहिलं. मी आईला म्हटलं, मला ताप आहे असं सांग. आई म्हणाली, आधीच निकाल राखीव आहे, त्यात आजारी पडलास तर लोकांना संशय येईल. आईचं म्हणणं बरोबर होतं. एका खोट्याला दोन-दोन टेकू दिले की ते पडतंच.

रविवारी हॉलवर गेलो तर स्टेजवर मधोमध एक लाल प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर पाठीला टेकवून ठेवलेलं शाळेचं दप्तर. काशीनाथकाकांनी समजावलं, ही खुर्ची म्हणजे शाळेतला तू, लोकांकडे बघायचं नाही, हिच्याशी बोलायचं. माझ्या आधी समोरच्या बिल्डिंगमधली नेहा बोलली. ती कॉमर्सला दुसऱ्या वर्षाला आहे. तिने खुर्चीला सांगितलं की, बाई गं, झोप पुरी घे, मैत्रिणीच्या मार्कांकडे बघून रडू नकोस, आणि काही बिनसलं तर घरी लगेच सांग, उशीर केला की सांगणं अवघड होत जातं. एवढं बोलून ती खाली बसली. लोकांना ते फार थोडं वाटलं, टाळ्याही बेताच्याच पडल्या. मला मात्र तिचं शेवटचं वाक्य असं काही लागलं की मी पाणी मागितलं. आणि मग, मामा, तिच्यासारखं चार ओळींत खरं बोलून खाली बसायचं सोडून मी काय करावं? पहिल्या रांगेत आई ठेवणीतली साडी नेसून बसली होती. तिच्याकडे बघितलं आणि मी सुरू झालो.

मी खुर्चीला म्हणालो, तू पहाटे चारला ऊठ, जसा मी उठायचो. टीव्हीची वायर काढून कपाटात ठेव, जशी मी ठेवली होती. (आमच्याकडे टीव्हीची वायर कपाटात होती हे खरं, पण ती बाबांनी ठेवली होती, आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं.) सायन्सच घे, सायन्स कठीण नाही, माणसाची जिद्द पाहिजे. टाळी पडली. टाळी वाईट असते मामा, एक पडली की माणूस दुसरीच्या मागे लागतो. मी डोळे मिटले, हात वर केला आणि आवाज चढवला.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. मुर्ध्याच्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान असलेले जयंतीभाई. मुलांची पेनं दरवर्षी त्यांच्याकडून असतात. त्यांना उशीर झाला होता आणि स्टेजवर रिकामी खुर्ची एकच दिसत होती. त्यांनी दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि बसले. माझे डोळे मिटलेले. मी पुढे म्हणत होतो, अरे गाढवा, हेच तुझं वय आहे, मुलींकडे बघण्यात ते घालवू नकोस, कट्ट्यावर बसणं बंद कर, आईला उलट बोलू नकोस, चारला ऊठ. हॉलमध्ये हशा पिकला म्हणून डोळे उघडले तर समोर जयंतीभाई, साठीचे, पांढरा सफारी घातलेले, मांडीवर दप्तर घेऊन गंभीरपणे मान हलवत होते. ते रागावले असते तर मी सुटलो असतो. पण माणूस सज्जन. म्हणाले, "बेटा, चार वाजता तर मी रोज उठतोच. तुझ्या बिल्डिंगच्या खालूनच वॉकला जातो. पण तुझ्याकडे कधी लाइट नाय दिसला, वो कैसे?"

मी पाण्याचा ग्लास पुन्हा उचलला. आणि मग पहिल्या रांगेतून आई उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "त्याचं पाठांतर असतं भाऊ. पाठांतराला दिवा लागत नाही."

मामा, मी आयुष्यात बऱ्याच वेळा खजील झालो आहे. निकालाच्या दिवशी झालोच होतो. पण माझी आई, जी दुकानदाराने चार आणे जास्त दिले तर परत करायला जाते, ती भरल्या हॉलमध्ये माझ्यासाठी उभी राहून खोटं बोलली, आणि तेही असलं खोटं की मागच्या रांगेतल्या पोरांनी बाकाखाली डोकी घातली, तेव्हा मला स्टेजच्या फळ्यांतून खाली जावंसं वाटलं. ती बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी 'धन्यवाद' म्हणून उतरलो. जयंतीभाईंनी मला पेन दिलं. मार्गदर्शन करणाऱ्यांनाही पेन होतं.

खुर्चीला मला खरं काय सांगायचं होतं ते घरी येताना सुचलं. दहावीचे सत्त्याऐंशी टक्के मी पाठ करून मिळवले होते. अकरावीत पहिल्याच महिन्यात फिजिक्स कळेनासं झालं, आणि मी हात वर केला नाही. सत्त्याऐंशी टक्केवाल्याने 'सर, समजलं नाही' असं म्हणायचं कसं? दोन वर्षं मी वर्गात नुसती मान हलवत होतो. सर विचारायचे, कळलं का, आणि सगळ्यांत आधी माझी मान हलायची. मला त्या लाल खुर्चीतल्या पोराला एवढंच सांगायचं होतं की, बाबा रे, कळलं नाही तर हात वर कर, हसले तर हसू देत. हे मी सांगितलं असतं तर कदाचित टाळी पडली नसती, पण आईला उभं राहावं लागलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. हॉलमधून परतताना रसिका माझ्या बाजूने चालत होती. दोन-तीन दुकानं गेल्यावर ती म्हणाली, दादा, माझं ठरलं, मी अकरावीला सायन्स घेणार, पुढच्या सोमवारी माणगावला फॉर्म भरते. आदल्या दिवसापर्यंत ती कॉमर्सच्या गोष्टी करत होती, तिची मैत्रीण शालू तिकडे जातेय म्हणून. माझ्या भाषणावर एका मुलीने आयुष्य ठरवलं, आणि भाषणात टीव्हीच्या वायरीपलीकडे एक शब्द खरा नव्हता. मी तिला तिथेच रस्त्यात सांगायला हवं होतं. मी तिला उसाचा रस पाजला. मामा, म्हणून ही विनंती. रसिकाने माझ्यामुळे सायन्स घेऊ नये. तिला आवडत असेल तर जरूर घ्यावं. पण 'दादाला जमलं' म्हणून घेत असेल, तर तिला कृपा करून सांगा की दादाला जमलेलं नाही. मी सांगायला हवं हे कळतं. पण ती लहानपणापासून माझ्या मागे मागे फिरते, आणि तिच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटते.

मामींना नमस्कार. गोठ्यातल्या मंडळींना एकेक थाप.

आपला, यापुढे खरं बोलण्याचा प्रयत्न करणारा भाचा,
यतीन

ता. क. : तो बोर्डाचा अर्ज कृपया फाडून टाका. पाठवला असेल तर उत्तर येईल, आणि उत्तरात माझे मार्क असतील.

ता. क. दुसरा : आईला बोलू नका. ती माझ्यासाठी बोलली.

ता. क. तिसरा, शनिवारी लिहिलेला : पत्र दोन दिवस माझ्या खिशातच राहिलं. पेटीपर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो. मग लक्षात आलं की आता ते सोमवारच्या आत म्हसळ्याला पोचत नाही. म्हणून स्टेशनजवळच्या बूथवरून फोन केला. तुम्ही बाजारात गेला होतात, रसिकाने उचलला. मी 'एकदम मस्त' म्हणायच्या आत सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दादा, तुझं भाषण मी ऐकलंच नाही. मी मागे वेफर्सच्या पिशव्या भरत होते." सायन्स तिने आठवीतच ठरवलं होतं म्हणे, गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणून. कॉमर्सची चर्चा शालूला वाईट वाटू नये एवढ्यासाठी होती. माझ्या नापास होण्याचं तिला आईने आल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि मामा, तुम्हाला तर त्याच्याही आधी, निकालाच्याच दिवशी. तो अर्ज तुम्ही कुठेच पाठवलेला नाही, नक्कल तेवढी मला धाडलीत, हा स्वतः कधी बोलतो ते बघायला. म्हणजे मी सोडून सगळ्यांनाच सगळं माहीत होतं. तरीही पत्र टाकतो आहे. तुम्ही वाट बघितलीत, तर निदान माझ्या अक्षरात मिळू दे.

ता. क. शेवटचा : रसिकाने माझी अकरावी-बारावीची पुस्तकं मागितली आहेत. 'आत्या म्हणाली, अगदी कोरी आहेत,' असं तिने सांगितलं. अकरावीची सगळी आणि बारावीची केमिस्ट्री-बायोलॉजीची काशीनाथकाकांच्या मेव्हण्याबरोबर पाठवतो, ते पुढच्या आठवड्यात म्हसळ्यावरूनच श्रीवर्धनला जाणार आहेत. फिजिक्स आणि मॅथ्स मला ऑक्टोबरपर्यंत लागतील, हे सांगताना मी अडखळलो. ती म्हणाली, "राहू दे, मला घाई नाही. पण ऑक्टोबरनंतर कोरी पाठवलीस, तर मी घेणार नाही."