छतातल्या तीन वायरी

४ जून
आलो एकदाचे! स्वतःचं घर. सामान अजून खोक्यांत, पण पंखे फिरतायत, गॅस लागलाय. आणि जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर, छतातून तीन वायरी लोंबतायत. टोकांना काळी टेप.
ही कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, "इथे तीन हँगिंग दिवे. काचेचे. बाकी घर कसंही राहू दे, हे झालेच पाहिजेत. आणि तुम्हीच लावायचे!"
"लावू की," म्हणालो.
ताट उचलून बाहेरच्या खोलीत जेवायला गेलो. म्हटलं, इकडे वारा छान येतो.

७ जून
दुकानात दिवसभर गिऱ्हाईक. मी आता दिवे विकतो, लावत नाही. पूर्वी लावायचो. मालक भला माणूस. खांदा दुखतो म्हटल्यावर एक शब्द न बोलता काउंटरवर बसवलं. घरीही तेच सांगितलंय — खांदा.
आज एक जोडपं आलं होतं. तो म्हणे दिवा उंच हवा, डोक्याला लागेल. ती म्हणे, "का? तू उभ्याने जेवणारेस?" मी ऐटीत समजावलं. टेबलापासून दीड हात वर, म्हणजे समोरच्याचं तोंडही दिसतं आणि डोळ्यांत उजेड घुसत नाही. खूश झाली दोघं. "लावून कोण देणार?" "आमचा माणूस येईल," म्हणालो.
आमचा माणूस! तो पूर्वी मीच होतो.

९ जून
लिहूनच टाकतो. खांदा केव्हाच बरा झालाय.
गेल्या वर्षी एका हॉलचं काम होतं. मेन स्विच मी स्वतः बंद केला होता. मी शिडीवर, दोन्ही हात वायरींत. खाली सजावटवाल्यांपैकी कुणाला तरी मोबाइल चार्ज करायचा होता. तो गेला आणि मेन चालू केला. एवढंच. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.
करंट धरून ठेवतो म्हणतात, ते खरं आहे. सोडतच नाही! मी ओरडत होतो, पण आवाज फुटत नव्हता. शिडी सरकली, मी खाली आदळलो, म्हणून सुटलो. सगळे खांद्याकडे बघायला लागले. मग मीही म्हटलं, खांदा.
हिला कसं सांगू? वायरमनला वायरीची भीती! आचाऱ्याने चुलीला घाबरावं तसं. लोक हसतील ते हसतील, पण मला दुसरं येतं काय?

१२ जून
ही आणि आई दिवे निवडायला दुकानात आल्या. आईने प्रत्येक दिव्याला नाव ठेवलं. "हा कांदा. हा उलटा लोटा. आणि हे काय, मधमाश्यांचं पोळं?" मालक हसून हसून बेजार.
ही मात्र गंभीर. प्रत्येक दिव्याखाली आपला तळहात धरून बघत होती, कातडीचा रंग कसा दिसतो ते. पांढऱ्या उजेडात माणूस आजारी दिसतं म्हणाली. शेवटी मधाच्या रंगाच्या काचेचे तीन ठरले. खरंच सुंदर आहेत.
मालक म्हणाले, "घरचाच वायरमन, वहिनी! तुम्हाला कसली चिंता?"
मीही हसलो. हात खिशात घातले होते.

१३ जून
खोकं टेबलाखाली आहे. त्याला वळसा घालून जातो.

१६ जून
आज सुट्टी. ही कामावर, आई दुपारची आडवी झालेली. म्हटलं, आत्ताच उरकू.
मेन बंद केला. टेस्टर लावून बघितला — वायर मेलेली. परत बघितला. परत दाराशी जाऊन मेन बघून आलो. शिडीवर चढलो. वायरीला हात घालणार तेवढ्यात वाटलं, कुणीतरी मेनपाशी उभं आहे. घरात आईशिवाय कुणी नाही आणि ती झोपलीय, हे माहीत होतं! तरी मान वळवून बघितलं. शर्ट घामाने पाठीला चिकटला. कसाबसा उतरलो आणि फरशीवर बसलो. किती वेळ, कुणास ठाऊक.
आई दारात आली. "काय रे, काय पडलं?"
"पाना."
ती बघत राहिली. मग चहा टाकायला गेली.

१९ जून
हिला थाप मारली होती — एका दिव्याचा होल्डर सदोष आहे म्हणून. ही आज खोकं घेऊन थेट दुकानात! मी गोदामात होतो. मालकांनी तिन्ही दिवे लावून दाखवले. पीस उत्तम.
संध्याकाळी हिने विचारलं, "खांदा अजून दुखतो?"
"हो."
"काल पाण्याचा जार याच खांद्यावरून वर आणलात."
मी जाराचं झाकण घट्ट करायला लागलो.
"खरं सांगा. हे घर मी घ्यायला लावलं, त्याचा राग आहे ना? आल्यापासून एक खिळा ठोकला नाहीत. टेबलाशी बसत नाही. लोकांची घरं उजळलीत जन्मभर, आणि माझ्या घराला तुमचा हात लागत नाही."
असं वाटत होतं तिला! दूध आणतो म्हणून खाली पळालो. दूध घरात होतं.

२० जून
ती बोलत नाही. कामापुरतं फक्त.

२२ जून
लवकर घरी आलो. दार उघडलं तर घरात अंधारून आलेलं, पंखे बंद. आणि ही शिडीवर! टेप सोडवलेली, उघडी वायर हातात!
ओरडलो. या वेळी आवाज फुटला. "सोड ती! आधी सोड! मेन?"
"मेनकडे बघा तरी," ती म्हणाली.
दारामागे, बोर्डापुढे खुर्ची टाकून आई बसलेली. पाठ बोर्डाला, हातात काठी. "कोणी हात लावून बघू दे," म्हणाली. "बोटं मोडीन!"
मी तिथेच चपला घालून उभा.
आई म्हणाली, "त्या दिवशी खाली बसून पुटपुटत होतास. मेन चालू करू नका, मेन चालू करू नका. मी बाई घाबरले. हिला काल सांगितलं."
ही शिडीवरून उतरली. डोळे भरलेले. "मला तो राग वाटला होता हो. भीती आहे हे कुठे ठाऊक होतं?" मग मी सगळं सांगितलं — हॉल, मोबाइल, तो न फुटलेला आवाज. दोघींनीही ऐकून घेतलं. हसलं कुणी नाही.
मग मी चढलो. स्क्रू दोनदा हातातून निसटला. दर मिनिटाला हाक मारायचो, "आई?" "बसलेय!" पहिला लागला. दुसरा लागला. तिसऱ्याला पुढे जमेना. उतरलो. तिसरा हिने लावला. मी खालून सांगत होतो आणि तोंडाने देवाचं नाव घेत होतो.
तो जरा खाली आलाय. बरोबर करू का विचारलं, तर म्हणाली, खबरदार!

३० जून
मालकांना खरं काय ते सांगितलं. काउंटरला दुसरं कुणी बघा म्हटलं. आज खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेलो, त्यांच्या ओट्यावरचा दिवा लावायचा होता. दोनदा घाबरून खाली उतरलो, तिसऱ्यांदा झालं. ही पूर्ण वेळ बोर्डापाशी उभी, हात बंद मेनवर.
बाईंनी विचारलं, "वहिनी, तुम्ही कशाला ताटकळत उभ्या? या, बसा."
ही म्हणाली, "नाही हो. मी यांच्याबरोबर काम करते."
मलाही तेव्हाच कळलं!