खिडकीजवळची खुर्ची

प्रिय चिमे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. चार माणसांत बोलता येत नाही अशा काही गोष्टी असतात, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आलंय, चालवून घे.

तुझ्या वहिनीच्या पार्लरचं तुला माहीतच आहे. सकाळी ऑफिसला जाणाऱ्या बायका, संध्याकाळी परतणाऱ्या. मधे नुसता शुकशुकाट. भाडं मात्र दुपारचंही लागतं, हे तुझा दादा येता-जाता ऐकवायचा. तिने दुपारचे दर निम्मे केले, पाटी रंगवली, शाळेच्या फाटकाशी उभं राहून कागद वाटले. कुणी फिरकेना. बायका काचेतून डोकावायच्या, रिकाम्या खुर्च्या बघायच्या आणि पुढे जायच्या. बरोबरच आहे गं. जिथे कुणीच बसलेलं नाही, तिथे पहिलं डोकं कोण देणार?

मग एक दिवस वहिनी म्हणाली, आई, तुम्ही येऊन बसता का जरा? खिडकीजवळच्या खुर्चीत, गळ्याशी टॉवेल लावून, गिऱ्हाईक असल्यासारख्या. मी म्हटलं, माझे हे चार केस बघून येणारीही पळेल बाई! पण गेले. तुझे बाबा गेल्यापासून दुपारी घर नुसतं खायला उठायचं.

आणि आल्या की बायका! आधी समोरच्या दुकानातली औषधवाली, मग शाळेतल्या दोघी-तिघी. माझं डोकं तर अख्ख्या गल्लीत स्वच्छ. रोज धुवायचं, रोज वाळवायचं. वहिनी बोटांनी मानेमागे चोळायची तेव्हा माझे डोळे आपोआप मिटायचे. खरं सांगू? बाबा गेल्यावर मला कुणी हातच लावला नव्हता. पडले तर उचलतील, ताप आला तर कपाळ बघतील, पण उगाच म्हणून कुणी नाही. तिथे मी बडबडायचे, बायकांना हसवायचे. काकू नसल्या की मजा नाही, असं औषधवाली म्हणायची.

व्हायचं तेच झालं. दुपारी खुर्च्या भरायला लागल्या. एकदा मी टॉवेल लावून ऐटीत बसलेली आणि दोघीजणी ताटकळत उभ्या. वहिनी कानाशी येऊन हळूच म्हणाली, आई, आता तुम्ही घरी आराम करा, खूप केलंत माझ्यासाठी. गोडच बोलली. तिचं काय चुकलं? पैसे देणारीला उभं ठेवून फुकटचं डोकं किती दिवस धुणार? पण मला फार लागलं, चिमे. घरी आले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

दोन-चार दिवसांनी मी पार्लरबाहेरच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. ऊन खातेय म्हणायचे. कुणी बाई येताना दिसली की काचेतून डोकावायच्या आधीच तिला सांगायचे, आत फार गर्दी आहे हो, तास तरी मोडेल, संध्याकाळीच या. आत खुर्च्या मोकळ्या असायच्या. दुपार पुन्हा ओस पडली. कुठे चुकतंय तेच कळत नाही, म्हणून वहिनी डोक्याला हात लावून बसायची आणि मी मेली वाट बघायची, ती कधी एकदा मला बसायला बोलावते. कसली गं मी आई!

मंगळवारी औषधवालीला परत पाठवत होते तेव्हा माझ्या पाठीमागचं दार उघडंच होतं. वहिनी तिथे उभी होती. तिने सगळं ऐकलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने मला हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि माझे केस धुतले, नेहमीसारखे, सावकाश. आरशात तिचे डोळे भरलेले दिसले. दादाला तिने अजून सांगितलेलं नाही. मला तिच्यासमोर जेवायलाही लाज वाटते.

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडे बोलावून घे. थोडे दिवस, किंवा जमतील तेवढे. मी मागितलं असं कुणाला कळू देऊ नकोस. तूच दादाला फोन कर आणि हट्टाने सांग, आई मला माझ्याकडे हवी आहे. तुझी जागा लहान आहे हे मला ठाऊक आहे, जावयांचा स्वभावही ठाऊक आहे. नाहीच जमलं तरी फोन कर, सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा तेवढं म्हण. मग मीच नको म्हणेन.

तुझीच,
आई