एका चपलेनिशी घरी

ती. आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. साथीमुळे मणक्याची ऑपरेशनं पुढे ढकललीत आणि आम्हा नर्सना यादीतल्या पेशंटना फोन करायला बसवलंय. पाय बधिर होतो का, चप्पल नकळत निसटते का, असं विचारायचं. कुणी हो म्हणालं तर त्याला लगेच बोलावतात. बाकीच्यांना मी थांबा म्हणते.

तुझे गुडघे कसे आहेत?

बाबा एकाच चपलेनिशी घरी आले, हे तू लिहिलंस तेव्हा मी पोट धरून हसले. काल एका आजोबांना चपलेचा तोच प्रश्न विचारला आणि बाबांची ती एकच चप्पल आठवली. फोनवर बाबा ‘मी ठणठणीत आहे’ म्हणत विषय बदलतात, म्हणून तुला लिहितेय. त्यांना टाचांवर चालायला लाव. चवडा वर उचलला गेला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

सगळ्यांना थांबा म्हणणारी तुझी मुलगी सांगतेय, तुम्ही थांबू नका.